पेपरात फोटो आला म्हणजे पीआर झालं का? धंद्यातला जनसंपर्क सोप्या भाषेत

नाशिकमध्ये कुणी नवीन शोरूम टाकलं, अंबडला युनिट चालू केलं किंवा कॉलेज रोडला क्लिनिक उघडलं की थोड्याच दिवसात एक वाक्य ऐकू येतं, "जरा आमचं पीआर करून द्या ना". आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की उद्घाटनाचा फोटो पेपरात यावा, आमदार साहेब फीत कापताना दिसावेत, खाली मालकाचं नाव यावं आणि ते कात्रण लगेच स्टेटसला टाकता यावं. यात वाईट काही नाही, आनंदाची गोष्ट आहे, चार लोकांना कळलीच पाहिजे. पण पीआर (पब्लिक रिलेशन्स, म्हणजे जनसंपर्क) एवढंच असं धरून जे लोक दर महिन्याला पैसे देतात त्यांचे पैसे बऱ्याचदा वाया जातात, आणि खरी गरज पडते तेव्हा त्यांच्या हातात काहीच नसतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

कुठलाही धंदा काही लोकांच्या भरवशावर चालतो. गिऱ्हाईक तर आहेच, पण कामगार आहेत, माल पुरवणारे आहेत, बँक आहे, कंपाउंडच्या पलीकडे राहणारे लोक आहेत, महापालिका, प्रदूषण नियंत्रण मंडळ, पत्रकार. यातला प्रत्येक जण तुमच्याबद्दल काहीतरी मत धरून असतो, तुम्ही तोंड उघडा नाहीतर उघडू नका. ते मत कशामुळे बनलंय हे समजून घेणं, चुकीच्या माहितीमुळे बनलं असेल तर खरी माहिती त्या लोकांपर्यंत नेणं, आणि तुमच्या वागण्यामुळेच बनलं असेल तर ते वागणं बदलायला मालकाला राजी करणं, हे काम कायम करत राहायचं, याला पीआर म्हणतात. शेवटचा भाग सगळ्यात अवघड आहे आणि बहुतेक ठिकाणी नेमका तोच गाळलेला असतो.

आधी जाहिरात आणि बातमी यातला फरक बघू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. जाहिरातीत तुम्ही जागा विकत घेता, त्यामुळे मजकूर तुमचा, फोटो तुमचा, कुठल्या दिवशी छापायची तेही तुम्हीच ठरवणार. बातमीत यातलं काहीच तुमच्या हातात नसतं, ती घ्यायची की नाही, किती घ्यायची, कुठली ओळ कापायची हे पेपरवाले ठरवतात, आणि त्यांनी ठरवलेलं असतं म्हणूनच वाचणारा तिच्यावर जास्त विश्वास ठेवतो. आता कुणी एजन्सीवाला तुम्हाला म्हणाला की इतके पैसे द्या, बातमी शंभर टक्के लागणार, तर तो तुम्हाला जाहिरात विकतोय, बातमीचे कपडे घालून. पैसे देऊन छापलेला मजकूर उघडपणे जाहिरात म्हणून छापला तर काही हरकत नाही. बातमी म्हणून छापला तर ती वाचकाची फसवणूक आहे, आणि २००९ च्या निवडणुकांनंतर हा पेड न्यूजचा विषय एवढा गाजला की प्रेस कौन्सिलला, म्हणजे वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेला, त्यावर २०१० मध्ये अहवाल काढावा लागला. धंद्याच्या बातम्यांमध्ये हे प्रकार होत नाहीत असं मी तरी म्हणणार नाही, पण त्या वाटेला जाऊ नका एवढं नक्की सांगेन, कारण लोकांना कळतं हो, गावात कुणाची बातमी कशी लागली हे चहाच्या टपरीवर पण माहीत असतं.

मग खरी बातमी कशी लागते? प्रेस नोट नावाचा जो कागद असतो ना, तो जवळून बघा. समजा अंबडच्या एका कारखान्याने नवीन मशीन लाइन सुरू केली आणि मालकाच्या ऑफिसातून पेपरला नोट गेली: "औद्योगिक क्षेत्रात अल्पावधीत नावलौकिक मिळवलेल्या आमच्या कंपनीच्या शिरपेचात आणखी एक मानाचा तुरा खोवला गेला असून, संचालकांच्या दूरदृष्टीमुळे हे शक्य झाले आहे". ही ओळ वाचून उपसंपादकाला काय कळलं? काहीच नाही. त्याच्या टेबलावर रोज अशा नोटांचा ढीग असतो, संस्थांच्या, पक्षांच्या, शाळांच्या, आणि त्याच्या डोक्यात प्रश्न एकच की माझ्या वाचकाला याचं काय? तीच नोट अशी लिहा: "अंबड एमआयडीसीत सुट्या भागांची नवी लाइन सुरू, आयटीआय झालेल्या ४० जणांना काम, अर्ज या तारखेपर्यंत". आता सिडकोतल्या, सातपूरच्या, पाथर्डी फाट्याच्या कितीतरी घरात ही बातमी कामाची झाली, कुणाचा तरी पोरगा आयटीआय करून घरी बसलाय. मालकाचं नाव तिसऱ्या ओळीत आलं तरी चालतं. खाली एका माणसाचा मोबाइल नंबर द्यायचा, आणि तो नंबर संध्याकाळी लागला पाहिजे, कारण पानं लावायची वेळ तीच असते आणि एखादा आकडा विचारायला फोन आला आणि कुणी उचलला नाही तर बातमी बाजूला पडते. आणि ४० म्हटलंय तर ४०च घ्या. पुढच्या वर्षी तोच रिपोर्टर विचारेल, त्या ४० जणांचं काय झालं, आणि त्याने विचारायलाच पाहिजे.

पण हे सगळं कागदाचं काम झालं, शिकता येतं. खरी गंमत पत्रकारांच्या पलीकडे आहे.

धरून चला की मखमलाबाद रोडला मळ्यात एक मिसळीचं हॉटेल आहे, झाडाखाली टेबलं, लहान मुलांना झोके, रविवारी सकाळी तोबा गर्दी. मिसळ चांगली, फोटो भारी, इन्स्टाग्रामवर रील व्हायरल. आणि बाजूच्या वस्तीत मात्र या हॉटेलचं नाव काढलं की लोक चिडतात, कारण रविवारी त्यांच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी गाड्या लागतात, दूधवाला आत येऊ शकत नाही, एकदा म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायचं होतं तर रिक्षा अडकून पडली. मालकाला हे माहीतच नाही, तो गल्ल्यावर असतो, त्याला फक्त वेटिंगची लिस्ट दिसते. आता असा मालक पीआरसाठी माणूस नेमतो आणि सांगतो की अजून दहा रील करून द्या. त्या माणसाला आपलं काम कळत असेल तर तो आधी शेजारच्या चार घरात जाऊन बसेल, ऐकून घेईल, आणि परत येऊन मालकाला सांगेल की दादा, रील राहू द्या, पलीकडचं रिकामं शेत पार्किंगला भाड्याने घ्या, रविवारी शिट्टी देऊन दोन पोरं रस्त्यावर उभी करा, आणि गेटवर एक नंबर लिहा जो शेजाऱ्यांनी लावला की पाच मिनिटात गाडी हलेल. याला पैसे लागतात, आणि कुठल्याही पेपरात याची बातमी येणार नाही. पण हे केलं नाही तर सहा महिन्यांनी महापालिकेत तक्रार जाते, कुणीतरी व्हिडिओ काढतं, आणि मग जी बातमी येते ती तुम्ही दिलेली नसते. कामाचं पीआर बऱ्याचदा असंच असतं, बाहेरून दिसतच नाही.

कामगारांशी बोलणं तर मला वाटतं सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. कंपनी दिवाळीत पेपरला अर्धं पान शुभेच्छा देते आणि आत लोकांना बोनस कधी होणार ते नोटीस बोर्डावर नाही, सगळं कुजबुजीवर चाललंय. सातपूरच्या एका कारखान्यातला माणूस संध्याकाळी घरी जाऊन, नात्यातल्या लग्नात जाऊन, गल्लीतल्या गणपती मंडळात बसून आपल्या कंपनीबद्दल जे बोलतो ना, ते शहरात खरं मानलं जातं, जाहिरात नाही. त्यामुळे शिफ्ट बदलणार, कॅन्टीनचा ठेका बदलणार, ऑर्डर कमी झाल्यात म्हणून ओव्हरटाइम बंद होणार, अशी प्रत्येक गोष्ट बाहेर कळायच्या आधी आतल्या लोकांना साहेबाच्या तोंडून कळली पाहिजे. कामगाराला स्वतःच्या कंपनीची बातमी व्हॉट्सअ‍ॅपवरून कळली तर तो माणूस मनाने तुमचा राहत नाही.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्यातून या धंद्याच्या दोन्ही बाजू दिसतात. अमेरिकेत ऑक्टोबर १९०६ मध्ये अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेलरोडची गाडी पुलावरून पाण्यात पडली, ५० पेक्षा जास्त माणसं गेली. त्या काळी रेल्वे कंपन्या अपघात दडपायच्या, पत्रकारांना जवळ फिरकू द्यायच्या नाहीत. कंपनीचा सल्लागार होता आयव्ही ली, आधी स्वतः पत्रकार असलेला, त्याने उलटं करायला लावलं, कंपनीकडून माहितीचं निवेदन काढलं आणि पत्रकारांना घटनास्थळी न्यायची सोय केली. आजच्या प्रेस नोटची सुरुवात म्हणून बरेच लोक याच निवेदनाकडे बोट दाखवतात. त्याच वर्षी त्याने आपली तत्त्वं पण जाहीर केली होती की आम्ही काम उघडपणे करतो, लपूनछपून नाही, आणि माहिती अचूक देतो. पण हाच ली पुढे १९१४ मध्ये कोलोरॅडोतल्या लडलोच्या खाण संपात रॉकफेलर घराण्याच्या बाजूने उतरला, तिथे संपकऱ्यांच्या वस्तीवर हल्ला होऊन बायका आणि लहान मुलं मेली होती, आणि त्याने काढलेल्या पत्रकांमध्ये चुकीची माहिती असल्याची जोरदार टीका झाली. दुसरा मोठा माणूस एडवर्ड बर्नेज, त्याने १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्टर मिरवणुकीत तरुणींना सिगरेटी ओढत चालवलं आणि ते बायकांच्या स्वातंत्र्याचं प्रतीक म्हणून पेपरात छापून आणलं, मागे पैसा सिगरेट कंपनीचा होता. म्हणजे या कामात लोकांना खरं सांगायची ताकद आहे तशीच लोकांना गंडवायची पण आहे, आणि लोक पीआर म्हटलं की नाक मुरडतात ते उगाच नाही. आपल्याकडे टाटांनी १९४३ मध्येच स्वतंत्र जनसंपर्क विभाग सुरू केला होता, म्हणजे ही काही कालपरवाची इंग्रजाळलेली फॅशन नाही.

संकटात काय होतं ते बघायचं तर महाराष्ट्रातलंच उदाहरण आहे. ऑक्टोबर २००३, दिवाळी तोंडावर, आणि मुंबईत कॅडबरी डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्याच्या तक्रारी, राज्याच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) कारवाई केली, टीव्हीवर दिवसभर तेच. कंपनीचं सुरुवातीचं म्हणणं होतं की आमच्या कारखान्यात काही दोष नाही, दुकानदार माल नीट ठेवत नाहीत. हे कदाचित खरं पण असेल, पण ज्या आईने मुलाच्या हातात चॉकलेट दिलंय तिला हे ऐकून काय करायचंय? विक्री जोरात पडली. मग कंपनीने विश्वास नावाने मोहीम घेतली, दुकानदारांकडे जाऊन माल कसा ठेवायचा ते दाखवलं, आणि २००४ च्या सुरुवातीला वेष्टनच बदललं, जास्त घट्ट सीलबंद केलं, खर्च वाढला तरी. त्यानंतर अमिताभ बच्चन जाहिरातीत आले. लोकांच्या लक्षात अमिताभ राहिले पण माझ्या मते काम वेष्टनाने केलं, कारण वेष्टन बदललं नसतं तर अमिताभ बच्चन पण कुठल्या तोंडाने सांगणार होते की खा. १९८२ मध्ये शिकागोत टायलेनॉलच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळलं आणि ७ जण मेले, तेव्हा जॉन्सन अँड जॉन्सनने अमेरिकेतल्या बाजारातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत बोलावल्या आणि नंतर छेडछाड केली तर लगेच दिसेल असं पॅकिंग आणलं. दोन्हीकडे वेष्टनच बदललं.

नाशिकला यापेक्षा जवळचं उदाहरण द्राक्षांचं आहे. २०१० च्या हंगामात निफाड, दिंडोरी, पिंपळगाव या पट्ट्यातला युरोपला गेलेला माल तिकडे अडकला, कारण द्राक्षात क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला, आपले बागायतदार ज्याला लिहोसिन म्हणतात तेच, वेलीची फाजील वाढ रोखायला वापरतात ते. यात ज्याने वापरलं त्याचाही माल अडकला आणि ज्याने जपून शेती केली त्याचंही नाव खराब झालं, कारण तिकडच्या सुपरमार्केटमधल्या माणसाला कुठला दिंडोरीचा आणि कुठला निफाडचा हे काय माहीत, त्याच्या लेखी सगळी भारतीय द्राक्षं. अशा वेळी जाहिरात करून काही उपयोग नव्हता. उपयोगी पडली ती तपासणी, त्या रसायनाची चाचणी कडक झाली, आणि अपेडाची, म्हणजे केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेची, ग्रेपनेट व्यवस्था होती जी २००६ पासून सुरू आहे, ज्यात निर्यातीच्या प्रत्येक प्लॉटची नोंद असते, काढणीच्या आधी नमुना लॅबमध्ये जातो आणि पेटीवरून मागे जाऊन माल कुठल्या बागेतून आला ते सांगता येतं. कुणी शंका घेतली तर कागद पुढे ठेवता येतो. माझ्या बघण्यात यापेक्षा चांगलं पीआर कुठल्याच एजन्सीने नाशिकसाठी केलेलं नाही, आणि ते करणाऱ्यांनी त्याला पीआर म्हटलंही नसेल.

छोट्या धंद्याला एवढ्या मोठ्या संकटांची गरज नसते, त्याला गूगल रिव्ह्यू पुरतो. कुणीतरी एक स्टार देऊन लिहितं की रस्सा मागून पंधरा मिनिटं झाली, पाव गार आले. त्यावर मालकाचं उत्तर मी अशा भाषेत वाचलंय: "तुम्ही आमच्या हॉटेलला आलेच नाहीत, तुम्हाला कोणीतरी पाठवलंय, आम्ही कायदेशीर कारवाई करू". हे उत्तर त्या एका माणसाला नाही मिळत, पुढचे दोन वर्षं जो कोणी मिसळ शोधेल तो वाचतो. याऐवजी, "रविवारी ११ नंतर गर्दीत वाढायला उशीर झाला, माफ करा. रविवारसाठी वाढायला दोन माणसं जास्त ठेवलीत, परत आलात तर गल्ल्यावर मला भेटा". अर्थात माणसं खरंच ठेवलेली असली पाहिजेत. आणि स्वतःच्याच भाच्या-पुतण्यांकडून पाच स्टार टाकून घेणं बंद करा, एकाच दिवशी तीस रिव्ह्यू आणि सगळ्यात "सुपर टेस्ट" लिहिलेलं असलं की कळतं ते. रील करणाऱ्यांना पैसे किंवा फुकट जेवण देत असाल तर त्यांनी तसं स्पष्ट लिहायला हवं, अ‍ॅस्कीची (जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेची) नियमावली २०२१ पासून तेच सांगते आणि ग्राहक संरक्षण कायद्याखालीही दिशाभूल करणाऱ्या शिफारशीवर दंड होऊ शकतो.

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा, पण एक घोळ आहे. ५०० कोटींची नेटवर्थ, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यातलं काहीही एक असलं की २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावेच लागतात. ते कायद्याचं काम झालं. त्याचे फोटो काढायला हरकत नाही, पण पावसाळ्यात झाडं लावतानाचे फोटो काढणाऱ्याने उन्हाळ्यात त्यातली किती जगली त्याचाही एक काढावा.

आता मोजायचं कसं. बऱ्याच एजन्सी महिन्याच्या शेवटी फाइल देतात, इतक्या बातम्या, इतके कॉलम सेंटिमीटर (पेपरात मिळालेली जागा), जाहिरातीच्या दराने याची किंमत इतके लाख. मालक खूश, पन्नास हजारात पाच लाखांचं काम झालं. हा हिशोब चुकीचा आहे, आणि २०१० मध्ये बार्सिलोनात या क्षेत्रातल्याच लोकांनी एकत्र येऊन तत्त्वं ठरवली त्यात स्पष्ट म्हटलंय की जाहिरातीच्या दराने केलेली किंमत म्हणजे पीआरची किंमत नाही. साधी गोष्ट आहे, बातमी वाईट असली तरी सेंटिमीटर भरतातच की. त्यापेक्षा हे बघा: नोकरीसाठी अर्ज कुठल्या प्रकारच्या लोकांचे येतायत, जुने कामगार आपल्या भावाला इथे लावा म्हणतायत का, शेजाऱ्यांच्या तक्रारी कमी झाल्या का, माल पुरवणारा अडचणीच्या महिन्यात आठ दिवस थांबतो का, एखादी उलटसुलट बातमी असली की पत्रकार छापायच्या आधी तुम्हाला फोन करून तुमची बाजू विचारतो का. हे आकड्यात बसवायला वेळ लागतो, पण ज्यासाठी पैसे खर्च करायचे ते हेच आहे.

आणि २०२७ चा कुंभ आता समोर आहे. आत्तापासून लोकांच्या डोक्यात फ्लेक्स, कमानी, पाण्याच्या बाटलीवर लोगो हेच चालू आहे. त्याच्या आधी सातपूर-अंबडच्या कारखान्यांनी एवढं ठरवावं की पर्वणीच्या (मुख्य स्नानाच्या) दिवशी रस्ते बंद असताना पंचवटीतून, आडगावातून येणाऱ्या कामगारांचं काय करायचं, सुट्टी भरपगारी आहे का बदल्यात दुसऱ्या दिवशी काम करायचं, माल घेऊन येणारे ट्रक कुठे थांबणार, आणि हे लोकांना किती दिवस आधी सांगणार. निमा, आयमा या उद्योजकांच्या संघटना आहेतच, एकेकट्याने करण्यापेक्षा तिथून एकत्र पोलिसांशी, महापालिकेशी बोलता येतं.

एजन्सी लावायचीच असेल तर जरूर लावा, चांगली माणसं आहेत नाशिकमध्ये. पहिल्या मीटिंगला ते काय मागतात त्याकडे लक्ष द्या. तक्रारींचं रजिस्टर बघू द्या, दोन कामगारांशी आणि एका जुन्या गिऱ्हाइकाशी बोलू द्या, मागच्या वर्षी कोण सोडून गेलं आणि का ते सांगा, असं ते म्हणाले तर फीवर फार घासाघीस करू नका. नुसता लोगो आणि मालकाचा सुटातला फोटो मागितला तर अजून एक-दोन ठिकाणी विचारून बघा.